दारात सापडलेली बोटं

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज माझ्या घरात एका मुलाची बोटं मोजली गेली. म्हणून लिहायला बसले. कोणाला सांगायला जावं तर हसतील. दुपारी हसलेच सगळे!

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून माझ्या वधू-वर केंद्राच्या बैठका गुरुवारी. दिघीतल्या आमच्या या पुढच्या खोलीत किती लग्नं जमली, मोजत नाही. माझे नियम सगळ्यांना पाठ आहेत. हुंड्याचा शब्द निघाला की चहा न देता उठवते. मुलीला चालून दाखव, केस सोडून दाखव — असलं काही इथे चालत नाही. तेवढ्यावर मी समजत होते, माझी खोली स्वच्छ आहे.

आजचा मुलगा रविराज. परभणीकडचा. चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे, म्हणजे गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकून काढतात तिथे, काँट्रॅक्टवर. मुलगी मोनिका, काळेवाडीची, तीही कुठल्याशा कंपनीत जाते. तिचे वडील दौलतराव बीडकडून येऊन इथे टेम्पो चालवतात. सोबत मुलीचा मामा.

मोनिकाने पोहे आणले. पदर दोन्ही हातांवर ओढून, ट्रे खालून धरून. आजकालच्या मुलींत ही मर्यादा दिसत नाही. बरं वाटलं. रविराजने प्लेट घेतली, एकदा वर बघितलं, लगेच मान खाली. लाजाळू आहे, म्हटलं. प्लेट मांडीवर ठेवून उजव्या हाताने खात होता. डावा हात खिशात — आल्यापासून.

पोहे संपले आणि दौलतरावांनी खिशातून पितळी अडकित्ता काढला. वर एक सुपारी.

“जावईबापू, जरा कातरून द्या बरं आम्हाला.”

मला वाटलं, माणूस जुन्या वळणाचा आहे, गंमत करतोय. रविराज जागच्या जागी आखडला. अडकित्त्याला दोन हात लागतात. एकाने भागत नाही. खिशातला हात बाहेर आला — अंगठ्याशेजारचं बोट अर्धं, मधल्याचं टोक गेलेलं.

“बोटं कुठं ठिवली?” दौलतराव.

“दारात सापडली.”

“लई जोरात लावता की हो तुमी दार!” मामा म्हणाला, आणि खोली हसली. माझे यजमान मारुतरावसुद्धा हसले. मोनिका तेवढी उठून आत गेली.

रविराजने सुपारी कातरली. पुरी कातरली. बारीक, एकसारखी. बशीत ठेवली आणि हात परत खिशात.

“विचार करून कळवतो,” म्हणून मंडळी गेली. म्हणजे नाही. अडकित्ता विसरून गेले आहेत. टीपॉयवर पडलाय. मी त्याला हात लावणार नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दौलतरावांना फोन करून झाडलं. म्हणाले, “ताई, बैल घेताना दात बघत नव्हते व्हय लोक?” वर म्हणाले, ही काही त्यांची एकट्याची युक्ती नाही, मुलीचे बाप आता सगळे हेच करतात. कोणी सुपारी देतं, कोणी दोन्ही हातांनी नारळ सोलायला देतं.

फोन ठेवून हात धुतले. फोनवर बोलून हात धुवावेसे वाटावेत!

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी मोबाईलवरचे मुलांचे फोटो बघत बसले. आधी सहज. मग चष्मा पुसून.

हे प्रेस शॉपवाले सगळे! एकाचे हात पाठीमागे. एक मोटारसायकलला टेकून, हात काखेत दाबलेले. एकाने कडेवर भाचीला घेतलंय, हात तिच्या फ्रॉकमागे. एक तर देवळापुढे उभा — आणि देवळापुढेही खिशात हात! कोणी हात जोडलेले नाहीत. ऑफिसात बसणाऱ्या मुलांचे फोटो उघडले. ते दोन्ही पंजे उघडे ठेवून बसलेत. घड्याळ दिसेल असे.

इतकी वर्षं हे फोटो माझ्या हाताखालून गेले. मी म्हणत आले — सरळ उभं राहायची पद्धत नाही या पोरांना.

मी समाजशास्त्राची पदवीधर. पुण्याला शिकले, आणि लग्न होऊन दिघीच्या शेतकऱ्याच्या घरात आले तेव्हा सासूबाई विचारायच्या, “ह्या शास्त्रात शिकवत्यात तरी काय?” मला नीट सांगता यायचं नाही. आमच्या बाई आम्हाला वर्गात कमी आणि बाहेर जास्त ठेवायच्या. नळावर जा, आधी हंडा कोणाचा लागतो बघा. एसटीत बसा, कोणाला बघून कोण उठतं बघा. त्यांचं एक म्हणणं होतं. जिन्यावरून एक जण घसरला तर त्याच्या चपला बघा. त्याच पायरीवरून रोज कोणी ना कोणी घसरत असेल, तर चपला बघू नका. पायरी बघा.

माझ्या मोबाईलमध्ये पायरी आहे! आणि मामा चपलांवर हसतोय.

तिघा मुलांना फोन केले. कामाचं बोलून झाल्यावर आडून विचारलं, हाताला काय झालं होतं रे? एक म्हणाला, दार. दुसरा म्हणाला, रूमचं दार. तिसरा म्हणाला, “टेम्पोचं दार, मॅडम.”

या गावातल्या दारांना धार कोण लावतंय?

सोमवार, १० फेब्रुवारी

मारुतरावांना विचारलं. ते पिंपरीच्या मोठ्या कंपनीत प्रेसवरच होते. पर्मनंट. तिथूनच निवृत्त झाले, दहा बोटं घेऊन.

“पोरं मोबाईलवर आसत्यात. झोपा न्हाईत. रानातली पोरं, मशीनची सवय न्हाई.”

“तुम्ही कुठे वाढला होता? रानातच ना?”

चहाचे दोन कप समोर ओढले आणि दाखवलं. प्रेसला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा खाली येताना दोन्ही हात बटणांवरच असणार, आत असूच शकत नाहीत.

“मग बोटं जातात कशी?”

“एक बटण टेपनं बांधून टाकायचं. मंग एका हातानं पत्रा सरकवायचा, एका हातानं दाबायचं. माल दुप्पट निघतो.”

“तुमच्याकडे बांधायचे?”

“आमच्याकडं कोणाची छाती व्हती! युनियनवाल्यानं लाईन बंद केली आसती.”

हे एवढं सरळ! आणि त्या दिवशी हा माणूस इतरांबरोबर हसला. त्याला ठाऊक होतं, आणि हसला. मी कप उचलले आणि जरा जोरातच बेसिनमध्ये ठेवले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

किळस जात नाही. मामाची वेगळी, मारुतरावांची वेगळी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आजच्या बैठका रद्द केल्या. काळेवाडीला गेले, रविराजच्या खोलीवर. तोही तिथेच राहतो. खोलीत चौघं राहतात. मला बघून धांदल. एकाने बनियनवर शर्ट चढवला, एकाने स्टूल पुसलं. जिन्यात बायका उभ्या राहून बघत होत्या — ह्या म्हाताऱ्या बाईचं काय काम!

मी सरळच विचारलं. “रविराज, दार कुठल्या कंपनीचं होतं?”

बाकीचे एकमेकांकडे बघून हसले. रविराज हसला नाही.

“दारच म्हणायचं असतंय, मॅडम.”

“कोणी सांगितलं?”

“सुपरवायझर गाडीतच सांगतो. खाजगी दवाखान्यात न्हेतो. तिथं इचारलं तर दार म्हणायचं. बिल तेच देतेत. सरकारी दवाखान्यात गेलो की कागद होतो, कागदावर कंपनीचं नाव येतं. मग दुसऱ्या दिशी गेटच्या आत घेत न्हाईत.”

“आणि तू म्हणालास, दार.”

“सगळेच म्हणतेत. मी एकटा प्रेस म्हणू का?”

स्टूल पुसणारा पोरगा — संघर्ष नाव त्याचं — म्हणाला, “काकू, डॉक्टर पण बेणं हुशार हाय. इचारतंय, कोणतं दार, पुढचं का मागचं?” हसण्याचा भडका उडाला. पोरं हसतात ते दुःख नाही म्हणून नव्हे, माझ्यासमोर आणखी काय करणार?

मी म्हटलं, फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे अर्ज करू. अर्ज मी लिहीन. तू जे झालं ते सांग आणि खाली सही कर. दार खोडून प्रेस लिहायचं, एवढंच. नुकसानभरपाई तुझा हक्क आहे आणि ते बटण सुटणं हा बाकीच्यांचा.

रविराजने हात परत खिशात घातला.

“ठेकेदाराचं नाव काय?”

सगळे एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागले. शेवटी संघर्ष म्हणाला, “सांग की भावा. आज ना उद्या कळंलच त्यांना.” मग मला म्हणाला, “काकू, तुमच्या दारात काळी गाडी उभी आसती ना? तिच्या मागच्या काचंवर लिवलेलंय की नाव.”

आमच्या दारात एकच काळी गाडी असते. माझ्या मुलाची. मागच्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत ‘रणजीतदादा’.

बसने परत आले. बसमध्ये दोन्ही बाजूंनी कोणाकोणाचे हात दांड्याला होते. मी सगळ्यांचे हात बघत होते. घरी येईपर्यंत फक्त हात.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

रणजीतने मला सांगितलं होतं — ऑफिसांना साफसफाईची माणसं पुरवतो. झाडू-पोछा. मी चौकात अभिमानाने सांगत होते, माझा मुलगा चारशे घरांना जेवू घालतो!

संध्याकाळी जेवायला आला. भाकरी वाढली आणि विचारलं. लपवायचं काही नव्हतंच त्याच्या मनात.

“हां, प्रेस शॉपलाबी देतो. मग?”

“बटणं बांधतात तिथे.”

“मशीन माझं न्हाई, आई. बटण माझं न्हाई. मी फक्त माणसं देतो.”

माणसं देतो! वाळूची गाडी देतो म्हणावं तसं.

“दहा बोटांची देतोस. परत किती बोटांची घेतोस?”

घास हातातच राहिला. “तुझं ते कॉलेज आता बंद कर, आई! दवाखान्याचं बिल मी भरतो का न्हाई? सुट्टीचे पैसे देतो का न्हाई? दुसरे ठेकेदार हाकलून देत्यात. मी न्हाई दिली माणसं तर शेजारचा देईल, त्याची उद्या सकाळी गाडी तयारे. मालकाला वरून कंपनी म्हणती, माल आठ दिवसांत पायजे, अन् तो बी स्वस्तात. मालक मला म्हणतो, पोरं हळू हायत. मी काय करू?”

खोटं बोलत नव्हता तो. तेच तर सहन होत नाही! कॉलेजच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बघ, हीही पायरीच बोलतेय. मोठी कंपनी मालकावर, मालक ठेकेदारावर, ठेकेदार सुपरवायझरवर, आणि सगळ्यांच्या खाली त्या पोराचा डावा हात. जो तो वर बोट दाखवतो. ज्यांना बोटं आहेत ते.

पण सुपरवायझरला ‘दार’ कोणी शिकवलं? ते काही वरून आलेलं नाही. ते माझ्या मुलाचं स्वतःचं डोकं आहे. हे मी विचारलं. तो हात धुऊन निघून गेला.

सूनबाई उत्कर्षा ताट उचलताना हळूच म्हणाली, “आई, निवडणूक कधीही लागेल. आत्ताच नको ना.” नको ना! जणू मी हळदी-कुंकवाची तारीख बदलतेय.

मारुतराव शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

चौकात रणजीतचा फ्लेक्स लागलाय. वाढदिवसाचा. ‘भावी नगरसेवक’. निवडणुका कधी होणार हे कोणालाच ठाऊक नाही, पण भावी सगळे तयार आहेत. बसथांब्याएवढा फोटो. हात जोडलेले. दहाची दहा बोटं, त्यांतल्या तिनांत अंगठ्या.

भाजी न घेता परत आले.

रविवार, १६ फेब्रुवारी

रणजीतने सोय केली. त्याला सोय फार छान करता येते.

दुपारी आला, पेढे घेऊन. रविराजला प्रेसवरून काढून स्टोअरला घेतोय. मालकाकडून पर्मनंटचं लेटर आणून देतोय. दौलतरावांशी बोलणं झालंय. ते तयार आहेत, कारण स्टोअरच्या नोकरीत कोणी बोटं बघत नाही. लग्नाचा हॉल आपल्यातर्फे. “झालं समाधान? तुझं स्थळ जुळलं, पोराचं भलं झालं. आता अर्ज-बिर्ज सोड, आई.”

संध्याकाळी रविराजचा फोन. आवाजात केवढा आनंद!

“मॅडम, दादा लई चांगले हायत. घेऊ द्या ना मला. आईला गावाकडं सांगितलं बी मी. सही मी न्हाई करत, राग धरू नका.”

“तुझ्या जागी प्रेसवर कोण बसतंय?”

“नवीन पोरगं आलंय. आमच्याच तालुक्यातलं.”

“त्याचं बटण सोडलंय?”

“मॅडम, मी काय सगळ्यांचं बघू का?”

राग आला. फोन आपटला. मग स्वतःचाच आला. चार माणसांच्या खोलीत राहणाऱ्या पोराला पहिल्यांदा पक्की नोकरी मिळतेय, बायको मिळतेय, आणि मी दोन मजली घरात बसून त्याला म्हणतेय, घेऊ नकोस! पण हेही खरं, की हा पेढा एका तोंडात घालून सगळ्यांची तोंडं बंद करायची पद्धत आहे. एकाचं दुखणं मिटवलं की सगळ्यांचं दुखणं दिसेनासं होतं. बटण बांधलेलंच राहतं.

पेढे तसेच आहेत. मुंग्या लागल्यात. लागोत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

अर्ज लिहिला. पुन्हा लिहिला. सहीवाला कोणी नाही. माझ्याकडे पुरावा काय — खिशात हात घातलेल्या पोरांचे फोटो! इन्स्पेक्टर म्हणेल, बाई, थंडी असेल.

ठेकेदाराच्या नावाची जागा कोरी ठेवलीय. लिहायला हात उचलत नाही. तो लहान असताना विहिरीवर जायचा तर मी काठावर बसून असायचे, बुडेल म्हणून. आता काय करतेय मी? ढकलतेय की बाहेर काढतेय?

मारुतरावांनी टेबलावरचा अर्ज उभ्यानेच वाचला. चष्मा डोक्यावर सरकवला, परत खाली घेतला.

“आपल्याच पोरावर?” एवढंच. निघून गेले.

बुधवार, १९ फेब्रुवारी

बाहेर ढोल, मिरवणूक, भगवे झेंडे. रणजीत सगळ्यात पुढे. मी गच्चीवर गेले नाही. अर्ज पिशवीत आहे. पिशवी खुंटीला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी दौलतराव आले. “ताई, अडकित्ता राहिला व्हता.” मागे मोनिका. साडी नाही, कंपनीचा निळा ड्रेस. सुट्टीच्या दिवशीही.

“अडकित्ता टीपॉयवर आहे, उचला. मी हात लावलेला नाही.”

त्यांनी उचलला नाही. मोनिका समोर बसली आणि तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. उजव्या हाताची करंगळी नाही. शेजारचं, अंगठी घालायचं बोटही नाही.

“माझं पण दारच होतं, काकू,” म्हणाली.

त्या दिवशीचा ट्रे! खालून धरलेला. हातावर ओढलेला पदर. मी या वहीत ‘मर्यादा’ लिहिलंय. आता मागे उलटून बघितलं — लिहिलंय. मुलांचे सगळे फोटो मी चष्मा पुसून पुसून पाहिले आणि मुलींचा एकही उघडला नाही. दुपारी उघडले. ओढणी. पदर. एकीच्या पुढ्यात फुलदाणी.

तीही प्रेसवरच असते. दुसरी कंपनी, ठेकेदार तोच.

मी दौलतरावांकडे वळले. काय काय बोलायचं होतं मला! स्वतःच्या मुलीचं झाकून दुसऱ्याच्या मुलाला सुपारी देता? पण तो माणूस खुर्चीत मान खाली घालून बसला होता, आणि माझ्याआधी तोच बोलला.

“एकाच घरात दोन तुटके हात, ताई... लेकरू कोण उचलंल? पाण्याचा हंडा कोण धरंल? दोघांत एकाची तरी धा असावीत, म्हणून बघायचो. हे चौथं स्थळ व्हतं.”

हे मला त्या दिवशी दिसलं नव्हतं. मी फक्त हसणं ऐकलं.

“पप्पा, राहू द्या,” मोनिका म्हणाली. “काकू, त्यांनी बघितलं होतं माझं. रविराजनी. प्लेट घेतली ना, तेव्हाच. मामा हसला तेव्हा एका शब्दात म्हणू शकले असते, आधी तुमच्या मुलीचे हात दाखवा. नाही म्हणाले. सुपारी कातरत बसले.”

मग म्हणाली, “तुम्ही त्यांच्याकडे सही मागत फिरताय. मला एकदा तरी विचारायचं.”

“तू करशील?”

“करते. नोकरी जाईल, जाऊ दे. कालच फोन केला त्यांना. म्हटलं, दादांचं लेटर घेतलंत तर मी लग्न करणार नाही. सही केलीत आणि नोकरी गेली, तर करीन.”

“हे उलटंच स्थळ झालं!” माझ्या तोंडून निघून गेलं. ती हसली. या खोलीतलं या महिन्यातलं पहिलं सरळ हसणं.

“काय म्हणाला मग?”

“खाली उभे आहेत. वर यायला घाबरतात तुम्हाला.”

दार उघडायला उठले, तर आतून मारुतराव आले. कधीपासून उभे होते कोण जाणे. म्हणाले, “बटणाचं कागदावर मी सांगतो. तुला नीट लिवता यायचं न्हाई त्ये.”

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कार्यालयात आज दिलं:

अर्ज, माझ्या अक्षरात, ठेकेदाराची जागा भरून.

मोनिकाचा जबाब, डाव्या हाताने केलेली सही.

रविराजचा जबाब. त्यात ‘दार’ कुठेही नाही.

दोघांच्या हातांचे फोटो. पंजे उघडे, टेबलावर.

दोन बटणांच्या प्रेसबद्दल निवेदन. साक्षीदार: मारुतराव.

दौलतरावांना अडकित्ता दिला. जिन्यातच त्यांच्या खिशात घातला.

कारकून बाईंनी कागद वाचले, परत वाचले. “काकू, ठेकेदाराचा पत्ता आणि तुमचा पत्ता एकच पडलाय. चुकून झालं का?”

म्हटलं, “नाही. मी त्याची आई. हे वडील.”

त्यांनी आमच्याकडे बघितलं. मग शिक्का मारला.